पंखा आणि सतरा नंबरची काच

मे महिन्यात कळव्याच्या एका समाजमंदिरात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी बायकांचं तपासणी शिबिर होतं. दुसऱ्या दिवशी तिथल्या नमुन्यांच्या काचा (स्लाइड) ठाण्यात माझ्या मायक्रोस्कोपखाली आल्या. त्यावेळी आम्ही प्रत्येकीचा नमुना दोन तऱ्हांनी बघत होतो. गर्भाशयमुखावरून पेशी घेतलेला ब्रश आधी काचेवर फिरवायचा, हा नेहमीचा पॅप स्मिअर. मग ब्रशला उरलेलं बाटलीतल्या द्रवात खळबळायचं, ही एलबीसी (द्रवातून पेशी तपासायची पद्धत). म्हणजे नव्या पद्धतीच्या वाट्याला उष्टंच!

सतरा नंबरच्या काचेवर रक्त, पू-पेशी आणि फुगलेली, फिकी केंद्रकं. वाचण्याजोगं काही नाही. ‘नमुना अपुरा’ लिहिलं.

तिच्याच बाटलीतून केलेल्या काचेवर 20 मिलिमीटरचं गोल वर्तुळ, मागे स्वच्छ. कडेला सात-आठ लहान पेशी. केंद्रक गडद, त्याची कड सुरकुतलेली, भोवती पेशीद्रव जेमतेम. एचएसआयएल, म्हणजे पेशींतला गंभीर बिघाड. मी पहिली काच परत लावली. तशाच पेशी तिथेही होत्या. सुकून अशा फुगल्या होत्या की मी त्या सूज समजून सोडून दिल्या होत्या.

सिस्टरना फोन लावला. “काचा लगेच अल्कोहोलमध्ये टाकल्या होत्या ना?”

“टाकल्या की मॅडम. पाच-सहा जमल्या की एकदम.”

“आणि पंखा?”

“अहो, मे महिना आहे!”

काच 95 टक्के अल्कोहोलमध्ये काही सेकंदांत बुडवावी लागते. बाटलीत सुकायचा प्रश्नच नाही, पण बाटली, फिल्टर, मशीन सगळं महाग. आणि खरं सांगायचं तर नीट बुडवलेली साधी काच आजार पकडण्यात मागे पडत नाही, हे मोठ्या तुलनांमध्ये दिसलंय. एलबीसीत वाया जाणारे नमुने कमी, आणि उरलेल्या द्रवातून एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची, चाचणीही होते. तिची झाली. पॉझिटिव्ह.

बाईंना बोलावलं. “मला तर काहीच त्रास नाही हो,” म्हणाल्या. दोनदा समजवावं लागलं. बायोप्सीत सीआयएन 3 निघालं, म्हणजे कॅन्सरच्या आधीची पायरी. तेवढा भाग काढला.

पुढच्या शिबिरात बाटल्या नव्हत्या. टेबलावर अल्कोहोलची बरणी, पंखा बंद, सिस्टर घामाने निथळलेल्या.

“मॅडम, त्या बाटल्या मागवा लवकर,” म्हणाल्या, “काचा ओल्या राहतील, पण मीच सुकेन इथे.”