कोरियन की जपानी? तुम्ही विचारलंत म्हणून

जपानी शिकवते असं सांगितलं की पूर्वी लोक विचारायचे, "म्हणजे चिनीसारखंच ना?" गेली काही वर्षं हे कुणी विचारत नाही. आता वर्गातल्या मुली, सोसायटीतल्या मुली, माझी सख्खी भाची, सगळ्यांचा एकच प्रश्न असतो: "मावशी, तुला दोन्ही येतात ना? मग सांग, गाणं कुठल्या भाषेत भारी वाटतं, कोरियन की जपानी?" विचारणारीचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. तिला फक्त आपल्या बाजूचा पंच हवा असतो.

दोन्ही येतात हे तसं अर्धसत्य आहे. जपानी बावीस वर्षं शिकवतेय. कोरियन लॉकडाउनमध्ये सुरू केली, तीही भाचीच्या वह्या ढापून. पण विचारलंत म्हणून सांगते.

जपानी 'गोड' आणि कोरियन 'कडक' असं मुली म्हणतात, ते मला पटत नाही. त्यांच्या कानाला फरक जाणवतो हे खरं, पण तो गोडव्याचा नाही, मोजण्याचा आहे. मला तो कळला ओकायामात, कामानिमित्त गेले होते तेव्हा, एका काराओकेच्या खोलीत. पडद्यावर शब्द रंगत जातात, त्यांच्यामागून आपण गायचं. मी 'कित्तो' ('नक्की') हा शब्द दोन ठोक्यांत उरकला आणि पुढच्या शब्दावर एक ठोका आधीच जाऊन आदळले. शेजारच्या बाईंनी हसत टेबलावर तीन टिचक्या मारून दाखवल्या. कि, मग एक रिकामी टिचकी, मग तो. त्या रिकाम्या जागेलाही जपानीत स्वतःचं घर असतं. लिहिताना तिथे 'त्सु' हे अक्षर छोटं करून काढतात आणि गाताना तिला पूर्ण एक ठोका द्यावा लागतो.

हे समजायला मराठी माणसाला शिकवणी लागू नये. शाळेत आपण लघु-गुरू मोजलेत. 'तोक्यो'मध्ये दोन्ही स्वर लांब, म्हणून दोन गुरू, चार मात्रा. जपानी माणूसही चारच मोजतो: तो-ओ-क्यो-ओ. 'निप्पोन्' घ्या: जोडाक्षराआधीचा नि गुरू, पोन् गुरू, पुन्हा चार. 'शिंबुन्' म्हणजे वर्तमानपत्र, तेही चार. माझ्या वर्गात ही मोजणी पहिल्याच आठवड्यात होते आणि मुलांना वाटतं बाई व्याकरणाच्या तासाला मराठीचं पुस्तक चुकून घेऊन आल्या. फरक इतकाच की जपानी गाण्यात त्या 'न्'ला स्वतंत्र सूर मिळू शकतो. आपल्याकडे अनुस्वाराचे एवढे लाड कोण करतं!

आणखी एक गंमत. बोलताना जपानी माणूस 'सुकी' (आवडणं) या शब्दातला उकार जवळजवळ गिळतो, 'स्की' ऐकू येतं. गाण्यात तो उकार परत येतो, सुरावर बसतो. आपण बोलताना 'देव्' म्हणतो आणि अभंगात तोच 'देवऽ' होतो, अगदी तसं. हे सांगितलं की मागच्या बाकावरचेसुद्धा मान वर करतात.

आता कोरियन. गाण्यात लागणारे नेहमीचे शब्द शेजारी ठेवा. फूल: जपानीत 'हाना', कोरियनमध्ये 'क्कोत्'. रात्र: 'योरु' आणि 'बाम्'. तारा: 'होशी' आणि 'ब्यॉल्'. वसंत: 'हारु' आणि 'बोम्'. जपानीला प्रत्येक वेळी दोन सूर लागतात, कोरियनला एक. 'मी' म्हणायला जपानीत 'बोकु' नाहीतर 'वाताशी', कोरियनमध्ये नुसतं 'ना'. 'तू'ला 'किमी' किंवा 'आनाता', कोरियनमध्ये 'नॉ'. प्रेमाच्या गाण्यात मी-तू सोडून असतं काय? म्हणजे कोरियन गीतकाराकडे प्रत्येक ओळीत दोन-तीन सूर शिल्लक राहतात आणि जपानी गीतकाराची ओळ भरते. त्या उरलेल्या जागेत कोरियन गीतकार एखादा जास्तीचा शब्द, एखादं इंग्रजी आर्जव, एखादा 'ओह' घालतो. ऐकणाऱ्याला वाटतं, भाषाच वेगवान आहे.

हे सगळ्यात चांगलं कळतं ते एकच गाणं दोन्ही भाषांत ऐकताना. कोरियन गट आपलीच गाणी जपानीत पुन्हा गातात. ट्वाइस या मुलींच्या गटाने 2017 मध्ये जपानमध्ये पाऊल ठेवलं तेच अशा गाण्यांनी. या आवृत्त्यांवरून चाहत्यांची कायम कुरकुर. 'मूळची मजा नाही.' अहो, कुठून येणार? 'सारांगहे' तीन सुरांत बसतं. त्याच तीन सुरांवर 'आ-इ-शि-ते-रु' बसवून दाखवा. पाच आहेत. मग एक तर सूर फोडायचे किंवा प्रेम करतो हे न सांगताच ओळ संपवायची. जपानी गीतकार बहुतेक वेळा दुसरं करतो. जपानी माणसं घरीही तेच करतात म्हणा.

आवाजांची गोष्ट वेगळी आहे आणि इथे मराठी कान पुन्हा कामाला येतो. कोरियनमध्ये चंद्र, मुलगी आणि मुखवटा हे तीन शब्द देवनागरीत लिहायचे तर दाल, ताल, थाल असे लिहावे लागतील. (चंद्राचा 'द' शब्दाच्या सुरुवातीला पुरता 'द' नसतो, द आणि त यांच्या मधे कुठेतरी असतो.) इंग्रजी बोलणारे विद्यार्थी इथे महिनोन् महिने अडकतात. भाचीला ताल-थाल पहिल्याच दिवशी जमलं, कारण अल्पप्राण-महाप्राण तिच्या जिभेवर जन्मापासून आहेत. तो दाबून उच्चारलेला 'क्क', 'त्त', 'प्प' कोरियन गाण्यात ढोलकीवरच्या थापेसारखा वाजतो. जपानीत असा आघात भाषेतून येत नाही, तो वाद्यांकडून घ्यावा लागतो.

पण म्हणून कोरियन फक्त ठोकाठोकीची भाषा आहे का? त्यांची संथ, रडवी गाणी ऐका. 'क्कोत्'मध्ये जीभ दातांमागे टेकते आणि तिथेच थांबते, 'त' फुटतच नाही. गाणारा स्वर ताणून अगदी शेवटच्या क्षणी दार लावतो. पुढे 'ई' आला की तोच शब्द 'क्कोची' होऊन मोकळा वाहतो. आणि 'सारांग', म्हणजे प्रेम, ङ वर संपतो. ओठ उघडे, आवाज नाकात, घुमत राहतो. कोरियन विरहगीतातला तो हुंदका निम्मा गाणाऱ्याचा आणि निम्मा त्या ङ चा असतो.

'आपली भाषा गाण्याला योग्य नाही' हे तर दोघांनीही स्वतःबद्दल म्हणून झालंय. 1970 च्या सुमारास जपानमध्ये वाद पेटला होता की रॉक जपानीत गाता येतं का. युया उचिदासारख्या रॉक गायकांचं म्हणणं, इंग्रजीतच गा. हॅपी एंड नावाच्या चौघांच्या बँडने जपानीतच गाऊन दाखवलं. त्यांचा ढोलवादक ताकाशी मात्सुमोतो पुढे जपानचा अव्वल गीतकार झाला. कोरियात 1992 मध्ये सॉ थेजी आणि त्याचे दोघे साथीदार कोरियन रॅप घेऊन टीव्हीवर आले तेव्हा परीक्षकांनी नाकं मुरडली होती, आणि पोरांनी त्यांना डोक्यावर घेतलं. रॅपमध्ये अडचणही खरीच होती. दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी, मराठीसारखंच. कोरियन ओळी 'दा' नाहीतर 'यो'वर संपणार. असं यमक म्हणजे आपण चार ओळी 'आहे, आहे, आहे, आहे' अशा लिहिण्यासारखं. 2001 मध्ये व्हर्बल जिंट या रॅपरने यमक क्रियापदातून बाहेर काढून ओळीच्या पोटात, अनेक अक्षरांवर पसरवलं. मला ते कळलं तेव्हा मी मोठ्याने हसले. गझल लिहिणाऱ्या कुणालाही विचारा, रदीफ (ओळीअखेर तोच तो येणारा शब्द) 'आहे' ठेवून काफिया, म्हणजे खरं यमक, त्याच्या आधी जुळवायचा ही युक्ती आपल्याकडे वहीतली आहे.

कोरियन गाणारे जपानी शिकतात, उलट फारसं घडत नाही, असं का, हेही विचारतात. उत्तर पैशात आहे. जपानची संगीताची बाजारपेठ अमेरिकेखालोखाल जगात दुसरी. तिथल्या गायकाला घर सोडायची गरजच पडली नाही. बोआ ही कोरियन मुलगी कोवळ्या वयात जपानी शिकून गेली आणि 2002 मध्ये तिचा अल्बम ओरिकॉनच्या, म्हणजे जपानमधल्या खपाच्या, यादीत पहिला आला. त्या वेळी खुद्द कोरियात जपानी गाण्यांचे अल्बम दुकानात विकायला परवानगी नव्हती. ती मिळाली जानेवारी 2004 मध्ये. 1910 ते 1945 जपानची सत्ता सोसलेल्या देशाचा तो राग होता. मोमो, साना, मिना या ट्वाइसमधल्या तिघी जपानी मुली आज सोलमध्ये कोरियनमध्ये गातात, तेव्हा मला त्या बंदीची आठवण येते. भाचीला येत नाही, आणि ते ठीकच आहे.

मग माझं मत? बसमध्ये, चालताना, भांडी घासताना कोरियन. रात्री दिवा मालवून एकटीने ऐकायचं तर जपानी, कारण तिथे प्रत्येक मात्रा वेगळी ऐकू येते आणि शब्द हातातून निसटत नाहीत. भाचीला हे उत्तर अजिबात आवडलं नाही. "म्हणजे तू कुणाच्याच बाजूने नाहीस," म्हणाली.

सूड म्हणून की काय, परवा तिने एका जपानी गाण्याची ओळ पाठवली, मराठीत करून दे म्हणून. गाणारी मुलगी आहे, पण स्वतःला 'बोकु' म्हणते, जे एरवी मुलगे म्हणतात; जपानी मुलींच्या गटांत हे सर्रास चालतं. जपानी क्रियापदाला लिंग नाही, कोरियनलाही नाही. मराठीत मात्र पहिल्याच क्रियापदाला ठरवावं लागतं: स्टेशनवर रडतोय की रडतेय? मी दोन्ही लिहून पाहिलं. 'रडतोय' लिहिलं की गाणारी हरवते, 'रडतेय' लिहिलं की 'बोकु' हरवतो. भाचीचे तीन प्रश्नार्थक इमोजी येऊन पडलेत, उत्तर अजून द्यायचंय.