मारुती ८००, मागच्या कमानी: तिसरा रविवार

गाडीच्या मागच्या चाकांवरच्या कमानींचा पत्रा गंजलाय, तो दुरुस्त करतोय. उजव्या कमानीवर इपॉक्सी प्रायमर, म्हणजे हार्डनर मिसळून लावायचा रंगाखालचा थर, बसला. डावी अजून उघडीच आहे. मृग लागायच्या आत दोन्ही संपवायच्या, एवढंच ध्येय.

आमची गाडी जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्यावर बरीच फिरते. पावसाळ्यात तिथली लाल माती चाकाबरोबर उडते आणि मागच्या कमानीच्या घडीत, म्हणजे आतला आणि बाहेरचा पत्रा जिथं एकमेकांवर दुमडलाय तिथं, जाऊन बसते. ही माती साधी नाही. खानापूर भागात जिची कौलं होतात ती असली चिकण, पाणी धरून ठेवणारी. वरून गाडी धुवून ती निघत नाही.

मागे कधीतरी कुणीतरी गंजावरच डांबरी कोटिंग फासलं होतं. हाताला टणक लागायचं, म्हणून मीही दोन वर्षं निश्चिंत होतो. स्क्रॅपरचं टोक घातलं तशी पापडासारखी खपली सुटली आणि खाली ओला गंज. कोटिंगला चीर पडली की पाणी आत शिरतं, बाहेर येत नाही. बेळगावच्या उद्यमबागेतले पत्राकामवाले मामा बघून म्हणाले, "वरनं नाही, घडीतनं खातोय बघा की पत्रा." काड्यापेटीएवढा भाग कापून त्यांनीच नवा तुकडा वेल्ड करून दिला. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढली होती.

बाकी पत्रा ग्राइंडरवर वायरचा कप लावून, मग ८० नंबरच्या पेपरनं घासला. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावाच. चष्मा आणि मास्कही हवाच.

सगळ्यात जास्त वेळ रस्ट कन्व्हर्टरवर, म्हणजे उरलेल्या गंजावर लावायच्या द्रवावर गेला, आणि तो जायलाच हवा. त्यातलं फॉस्फोरिक ॲसिड गंजाला काळ्या, घट्ट थरात बदलतं. पण ते उघड्या चकचकीत पत्र्यावर नको, फक्त खड्ड्यांत उरलेल्या गंजावर. शिवाय ॲसिड राहून गेलं तर वरचा इपॉक्सी नीट धरत नाही. म्हणून मी डब्यावरच्या सूचनेप्रमाणे थांबलो, धुतलं, हॉट एअर गननं घडीपर्यंत वाळवलं, थिनरनं पुसलं आणि मगच प्रायमरमध्ये हार्डनर मिसळला. दोन पातळ हात. साधा रेड ऑक्साइड प्रायमर स्वस्त पडतो, पण पाण्यात राहणाऱ्या जागेला तो लावायला माझं मन धजत नाही.

आज उजव्या घडीवर सीम सीलर, म्हणजे सांधा बुजवायची लुकण, भरला. त्यावर रबरी कोटिंगचा पातळ थर येईल. जाड थराचा मोह मला पटत नाही, कारण त्याखाली काय चाललंय ते दिसत नाही. पाणी निघायच्या भोकांत आगपेटीच्या काड्या खोचल्यात, फवारणीनंतर काढायच्या. ब्रेक ड्रम आणि शॉकॲब्सॉर्बर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेत. शेवटी डिकीच्या बाजूनं आत मेण फवारायचं. बाहेरून कितीही केलं तरी घडीचं खरं रक्षण तिथूनच होतं.

आज सकाळी डाव्या घडीत तार घालून उकरलं. मूठभर माती निघाली. वळीव पडून तीन दिवस झालेत, ऊन कडक आहे, तरी ती आतून ओलीच होती.