टँकमधली वाळू मोकळी का? तुम्ही विचारलंत म्हणून

घरी येणारा प्रत्येक जण माझ्या पाणवनस्पतींच्या काचेच्या टँकसमोर उभा राहून हेच विचारतो, मागे लाकडावर एवढी हिरवळ आणि पुढे वाळू उघडीबोडकी का, लाव ना काहीतरी. पाठोपाठ सल्ला, लाईट वाढव, सीओटू लाव, म्हणजे झाडांसाठी पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोड. अहो तळमजल्याचा फ्लॅट आहे, समोर बिल्डिंग, दिवसा ट्यूब लावावी लागते, आणि टँकचा लाईट मी मुद्दाम 6 तासच ठेवते कारण वाढवला की लाकडावरच्या अनुबियस या झाडाच्या पानांच्या कडेला काळं केसाळ शेवाळ धरतं, ते मग घासूनही निघत नाही. अनुबियस मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं, जंगलातल्या ओढ्याकाठी सावलीत राहणारं, त्याला हा अंधार चालतो. जावा फर्नलाही. दोघांचं आडवं खोड वाळूत पुरलं की कुजतं, म्हणून दोऱ्याने लाकडाला बांधलीयेत. कमी लाईटमध्ये वाळूत लावण्यासारखं मग उरतं काय, तर क्रिप्ट, म्हणजे क्रिप्टोकोरिन, वाळूत मुळं धरणारी पाणवनस्पती.

आणि क्रिप्ट्स होत्या! वेंडटी जातीच्या, श्रीलंकेकडच्या, तपकिरी पानांच्या, पुढची अख्खी बाजू भरलेली. मग घर बदललं. क्रिप्टला जागा बदललेली, पाणी बदललेलं अजिबात खपत नाही, मेल्ट होते. आधी पान पारदर्शक दिसायला लागतं, मग देठाशी मऊ पडतं, आणि उचलायला जावं तर बोटात नुसता लगदा. दोन-तीन दिवसांत सगळी गेली. मी शांत होते, कारण खाली मुळं जिवंत असतात, सडकी पानं पाइपने ओढून घ्यायची आणि थांबायचं, काही आठवड्यांत नवीन पान येतं. हे मीच लोकांना ठासून सांगायचे.

शिफ्टिंगला मदत करायला धाकटे दीर आले होते. संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर टँक लख्ख. "वहिनी, सगळं सडलेलं उपटून टाकलं, वास मारत होतं." काच आतून-बाहेरून पुसलेली, वाळू धुतलेली. मुळं कुठे टाकली विचारलं तर म्हणाले ओल्या कचऱ्यात. मी चपला न घालता खाली गेले, ड्रम रिकामा, गाडी दुपारीच येऊन गेलेली. वर आले, चहा टाकला, त्यांनाही दिला. काय बोलणार, माणसाने दिवसभर कपाटं उचलली होती.

बादलीच्या तळाशी एक मुळांची गड्डी राहिली होती, पांढरी, घट्ट. ती लावली. एक पान आलं, बोटाएवढं झालं, आणि तेही विरघळलं. म्हणजे बाकीचीही आली नसतीच का? भाऊजींचं तेच म्हणणं, मेलेलीच होती. आधीची मी असते तर भांडले असते, की एका गड्डीवरून काय ठरवता, धुताना दुखावली असेल ती. अजूनही अर्धं मन तेच म्हणतं.

परत आण म्हणाल तर दुकानात मिळते, महाग नाही. कोकणात हिच्या बहिणी ओढ्यांत, भातखाचरांच्या कडेला आपसूक वाढतात, तेव्हा नाजूक आहे असंही नाही. पण हे भाड्याचं घर, अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट, पुन्हा हलायचं झालं तर लाकूड उचललं की अनुबियस आणि फर्न जसेच्या तसे येतात, कुणाला काही उपटावंसं वाटत नाही. घाबरट म्हणा हवं तर.

आणि दिवाळीला भाऊजी येतायत, त्यांच्यासमोर तेवढं वाळूचं विचारू नका.