विचारा ह्याला

आमच्या दोस्ताला सांगलीतला सगळा गावभाग थाप्या म्हणायचा आणि त्याला त्याचं काही वाटायचं नाही, उलट लग्नपत्रिकेत कंसात छापून घ्यायला निघाला होता, वडिलांनी प्रेसमधनं प्रूफ परत आणलं म्हणून वाचलं. (हेही त्यानंच सांगितलेलं, त्यामुळं खरं किती ते तुम्हीच बघा.) गेल्या हिवाळ्यात गेला तो. रात्री जेवून उठला, छातीत कसंतरी होतंय म्हणाला, आणि बायकोला पहिल्यांदा खरंच वाटलं नाही, आता ह्यात त्या बिचारीची काय चूक.

आमची ओळख पहिलीच्या वर्गातली. 11 डिसेंबर 1967, कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे अख्खी आळी घोंगड्या पांघरून रस्त्यावर उभी होती, मला आईनं कडेवर घेतलेलं तेवढं आठवतंय. तर हा पुढं शाळेत सांगत सुटला की मला रात्रीच कळलं होतं, आमच्या घरातले उंदीर बिळातनं बाहेर येऊन अंथरुणाच्या कडेला बसले होते, रांगेनं. ते 'रांगेनं' ऐकलं आणि मी त्याच्या बाकावर जाऊन बसलो, तो मग दहावीपर्यंत तिथंच.

थाप कशी पाहिजे ह्याचं त्याचं शास्त्र होतं. म्हणायचा, लेका, आत नव्वद टक्के माल खरा भरायचा, मग वरचं दहा टक्के आपोआप खपतं. आणि खरंच, सांगलीबद्दल मला जे काही माहितीय त्यातलं निम्मं त्याच्या थापांतनं आलंय. हरिपूरच्या हळदीच्या पेवांचंच घ्या. जमिनीत खोल खणलेली कोठारं, तोंड एवढंसं आणि आत उतरलं की खोलीएवढं, त्यात हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड लागायची नाही, कारण आत प्राणवायूच नसायचा. म्हणून पेव उघडलं की माणूस लगेच उतरायचा नाही, आधी कंदील सोडायचे, कंदील विझला तर थांबायचं. हे सगळं खरं. ह्याचे वडील एका अडत्याकडं दिवाणजी होते, त्यांच्यासोबत जाऊन ह्यानं ते बघितलं होतं. आता वरचं दहा टक्के: ह्याला कंदिलाऐवजी सोडलं होतं. का, तर रॉकेल महाग झालं होतं. आणि तो आत श्वास रोखून पोती मोजून आला, वर आल्यावर महिनाभर घाम पिवळा येत होता, बनियन बघ पाहिजे तर. बनियन खरंच पिवळं होतं, पण ते तसंही पिवळंच असायचं.

गणपती मंदिराचा हत्ती फक्त ह्याला ओळखायचा. 1843 ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं तेव्हा ह्याच्या खापरपणजोबांनी टेंभा धरला होता, आणि त्यांची शिंक आली नसती तर मराठी रंगभूमी दोन मिनिटं आधी सुरू झाली असती. 1929 ला कृष्णेवरचा आयर्विन पूल झाला, त्याला ह्याच्या आज्ज्यानं घमेली वाहिली, हे मात्र मला खरं वाटतं, कारण ते सांगताना तो भराभर उरकायचा.

आणि प्रत्येक थापेच्या शेवटी माझ्याकडं बोट. 'विचारा ह्याला.' लग्नात, पारावर, त्याच्या साहेबासमोर, आमच्या सोयरिकीच्या बैठकीत सुद्धा. मी हो पण म्हणायचो नाही आणि नाही पण म्हणायचो नाही, चहाच्या कपात बघत बसायचो, की लगेच हा, बघा, गप्प बसला म्हणजे खरं. सगळे गेल्यावर कोपऱ्यावर मला विचारणार, जरा जास्त झाली काय रे? मी सांगायचो, उंदरापर्यंत ठीक होतं.

त्याची सगळ्यात गाजलेली म्हणजे आयर्विनवरनं पुरात मारलेली उडी. प्रत्यक्षात काय होतं तर सरकारी घाट, खालून तिसरी पायरी, आणि पाणी श्रावणातलं पण उतरलेलं. पाठीला डबा न बांधता पहिल्यांदाच मारली होती एवढंच, आणि मी काठावर त्याची चड्डी-शर्ट धरून उभा होतो. नववीत ती पायरी घाटाच्या वरच्या टोकाला गेली, नोकरी लागेपर्यंत पुलावर आली, आणि पोरगं झाल्यावर पुलाच्या मधल्या कमानीवर. मगर कधी आली ते मला नक्की सांगता येत नाही. कृष्णेत मगरी आहेत, ते काय खोटं नाही, भिलवडी, औदुंबरकडं तर लोक रोज बघतात, तेव्हा तेही नव्वद टक्क्यातच धरायचं.

मी 2005 च्या पुरानंतर विश्रामबागेत फ्लॅट घेतला, तो म्हणाला मी नदी सोडून येणार नाही. मग दरवर्षी जुलै-ऑगस्टला कोयना धरणातनं पाणी सोडलं की ह्याचा सकाळी फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही, डायरेक्ट आकडा. सांगलीकरांना सांगायला नको, आयर्विनला 40 फूट म्हणजे इशारा आणि 45 म्हणजे धोका, अख्ख्या शहराचा बीपी त्या पट्टीवर चालतो. मी मोबाईलवर आकडा बघूनच बसलेला असायचो, 38. हा सांगणार, 41 आहे, स्वतः बघून आलोय. दोन-तीन फूट त्याचे घरचे. मी ते वजा करून घ्यायचो आणि वाद घालायचो नाही.

2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं. फोन आला तर आवाज नेहमीचाच, म्हणाला, घरात आलंय जरासं. जरासं म्हणजे किती? म्हणाला, जरासं रे, तू काय इकडं यायचं करू नको. मी बाकीच्यांना फोन लावले तेव्हा कळलं की खालचा मजला अख्खा पाण्यात आहे, हे सगळे माडीवर, लाईट नाही, प्यायला पाणी नाही, आणि बोटीची वाट बघतायत. आयुष्यात एकदाच त्या माणसानं आकडा कमी करून सांगितला, आणि तेवढ्यावरनंच मला कळलं की हा घाबरलाय. महिन्याभरात मात्र त्या बोटीच्या तीन बोटी झाल्या आणि वर हेलिकॉप्टर आलं, तेव्हा जीवात जीव आला माझ्या.

ह्या जुलैत फोन नाही. मोबाईलवर आकडा येतो, फुटात, इंचात, एकदम बरोबर, आणि मला तो कळतच नाही, वजा कशातनं करायचं?

परवा पाणी वाढलं तसं सवयीनं पुलावर गेलो. नेहमीसारखी जत्रा, गाड्या आडव्यातिडव्या लावलेल्या, कणसंवाला, कठड्याला टेकून सेल्फी, पोलीस शिट्टी मारून मारून दमलेला. तिथं त्याचा नातू भेटला, चौथीतला, बापासोबत आलेला. मला बघून बापाचा हात सोडून आला आणि कठड्यापलीकडं बोट करून म्हणाला, आजोबांनी इथनंच उडी मारली होती ना?

आता इथं चहाचा कप नव्हता बघत बसायला. म्हणलं, हो, इथनंच. मधल्या कमानीवरनं.

'दोनदा.'

'दोनदा?'

'पहिली नुसती. दुसरी तुम्हाला काढायला.' पोरगं माझ्याकडं असं बघायला लागलं जसं काय मीच विसरलो असेन. 'तुम्ही बुडत होता ना? मगरीनं तुमची चड्डी धरली होती.'

लेका. ही मला कधी ऐकवलीच नव्हती. किती वर्षं माझ्या पाठीमागं चालवली होती आणि कुणाकुणाला सांगितली होती कुणास ठाऊक. मागं त्याचा बाप उभा होता, त्याला हसू आवरत नव्हतं, म्हणजे त्यालाही माहिती होती.

'चड्डी नाही रे,' मी म्हणलं, 'पाय धरला होता. डावा.'

'दाखवा.'

मी पँट गुडघ्यापर्यंत वर केली. लहानपणी सायकलवरनं पडल्याचा एक व्रण आहे तिथं, बऱ्यापैकी मोठा.