परिशिष्ट-२ मधलं नाव आणि बिल्डरचा स्टॅम्पपेपर : माझा अनुभव

१९७२ च्या दुष्काळात आमच्या जालना-परभणीकडची कितीतरी माणसं मुंबईला गेली आणि झोपडपट्टीत राहिली. त्या झोपड्यांचा आता पुनर्विकास चाललाय. माणसं निम्मी तिकडं, निम्मी गावाकडं, आणि कागदांचंही तसंच. आमच्या आबांच्या, म्हणजे वडिलांच्या नावची झोपडी होती, तिचं घर मिळालं. तेव्हापासून पाहुण्यारावळ्यांचे फोन थांबत नाहीत, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "बिल्डरनं लिहून दिलंय, मग भीती कसली?" भीती त्याच कागदाची आहे. बिल्डरशी वैयक्तिक करारनामा होतो, तो नियमातच आहे. कुटुंबप्रमुख आणि त्याचा जोडीदार अशा दोघांच्या नावानं तो व्हावा लागतो. पण छापील मजकुराखाली निळ्या पेनानं "३५० चौ. फूट, पहिला मजला, रस्त्याकडची बाजू" असं लिहून त्यावर नोटरीचा लाल शिक्का मारलेला असतो ना, त्या ओळीला वाटपाच्या टेबलावर कोणी विचारत नाही. मुंबईत निवासी झोपडीला ३०० चौ. फूट, म्हणजे २७.८८ चौ. मीटर चटई क्षेत्र मिळतं. झोपडी दीडशे फुटांची असो की सहाशेची, घर तेवढंच. मजला आणि खोली सोडतीत ठरते. जास्तीचं काही हवं असेल तर बिल्डरच्या मागं स्वतंत्र लागा. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण मंजूर नकाशा आणि पात्रांची यादी एवढंच पाहतं. उलटही खरं आहे. संमती दिली नाही म्हणून पात्र माणसाचं घर जात नाही. योजना उभी राहायला पूर्वी ७० टक्के संमती लागायची, आता ५१ टक्के पुरते. उरलेल्यांनाही यादीप्रमाणेच घर मिळतं. आडमुठेपणा करून झोपडी रिकामी केली नाही तर मात्र निष्कासनाची नोटीस येते.

म्हणजे खरा कागद परिशिष्ट-२, तीच ही पात्रांची यादी. जमीन सरकारची असेल तर उपजिल्हाधिकारी (अतिक्रमण/निष्कासन), महापालिकेची असेल तर विभागाचे सहायक आयुक्त असा सक्षम प्राधिकारी ती यादी काढतो. १ जानेवारी २००० पूर्वीची झोपडी असेल तर घर मोफत, त्यानंतरची पण १ जानेवारी २०११ पर्यंतची असेल तर सशुल्क, आणि ते शुल्क २०२३ मध्ये अडीच लाख ठरलं. हे सगळं सरळ पार पडलं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

अडलं ते शेवटच्या रकान्यात. नाव, झोपडी क्रमांक, वापर, पुरावा, "पात्र" इथपर्यंत ठीक. शेऱ्यात लिहिलेलं : "मयत. वारस नोंद नाही." झोपडी पाडल्यापासून नवं घर मिळेपर्यंत बिल्डर जे घरभाडं देतो, त्याचा चेक निघतो तो यादीतल्या नावानं. नाव मयताचं, तर चेक कोणाच्या नावानं काढायचा? शेजारच्यांना भाडं सुरू झालं आणि आमचं तिथंच थांबलं.

आमच्याकडं भावाभावांचं वाटणीपत्र होतं. नोटरी केलेलं, साक्षीदारांच्या सह्यांसकट : गावची शेती थोरल्याला, मुंबईची खोली धाकट्याला. गावात एवढं पुष्कळ होतं. शिवाय बहिणींचं शेतीचं हक्कसोडपत्र आणि तलाठ्याकडचा वारस फेरफारही होता. एवढी फाइल पुढं केली तर बाबू म्हणाला, "वाटणीपत्र चालेल." पुढच्या वेळी दुसरा म्हणाला, "कोर्टातून वारस दाखला आणा." तिसऱ्याला फेरफारच हवा होता, तोही झोपडीचा! झोपडीचा फेरफार तलाठी कुठून देणार? त्याची नोंदवही शेतजमिनीची.

बाबूंचा राग बाजूला ठेवला तर त्यामागचं कारण खोटं नाही. झोपडीखालची जमीन आपली नाही, त्यामुळं भावकीत बसून ती कोणाला "देता" येत नाही. आपल्याकडं आहे तो पुनर्वसनाचा हक्क, आणि तो मयताच्या सगळ्या वारसांकडं जातो. बहिणीनं गावच्या गट नंबरावर सोडलेला हक्क या हक्काला लागू होत नाही. पण हेच पहिल्या दिवशी लेखी दिलं असतं तर काय बिघडलं असतं? तोंडी बोलायचं आणि पुढच्या वेळी फिरवायचं, ही रीतच झालीय.

शेवटी आम्ही धाकट्याच्या नावाचा आग्रह सोडून आईच्या नावानं वारस नोंद मागितली. आई हयात असेल तर हाच रस्ता धरा. भावाभावांत कोणाच्या नावानं घर, हा वाद फाइलमध्ये येतच नाही. मृत्यूचा दाखला, आईसकट सगळ्या वारसांची यादी, प्रत्येक भावाबहिणीचं झोपडी क्रमांक घालून वेगळं नाहरकत प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. मग पुरवणी परिशिष्ट-२ मध्ये नाव चढलं. बहिणींना आधी विश्वासात घ्या. सही आणायला भाऊबीजेच्या दिवशी गेलात तर ऐकून घ्यावंच लागेल.

प्रतिज्ञापत्रावरून आठवलं : सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. बाहेर टेबल मांडून बसलेला ५०० चा स्टॅम्प घ्यायला लावतो, घेऊ नका.

आडनाव आणि "राव" जपा. रेशनकार्डावर विठ्ठल, गावच्या कागदांत विठ्ठलराव, मतदार यादीत विठल, अशी तीन माणसं होतात. दोन्ही-तिन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र पहिल्याच अर्जाला जोडा.

ज्यांचं अजून सर्वेक्षण व्हायचंय त्यांनी सरपंचकीच्या निवडणुकीसाठी मुंबईच्या यादीतलं नाव काढून गावाकडं आणू नये. जुना पुरावा लागतो तसा चालू वास्तव्याचाही लागतो. २००० च्या मतदार यादीचा उतारा झेरॉक्स चालत नाही. निवडणूक नोंदणी कार्यालयातून प्रमाणित प्रत घ्या.

खाली एक भाऊ, वर पोटमाळ्यावर दुसरा, दोन चुली, आणि "बिल्डर दोन खोल्या देतो म्हणालाय" असं सांगणारे भेटतात. एक झोपडी, एक घर. पोटमाळ्याचं स्वतंत्र घर मिळेल या आशेवर बायकोचे दागिने मोडून एजंटाला देऊ नका. मिळालेलं घर लगेच विकायचा करारही तसाच : झोपडपट्टी कायद्याच्या कलम ३-ई नं वाटपानंतर ठरावीक मुदत विक्रीला बंदी आहे, आणि त्या काळातला नोटरीचा कागद घेणाऱ्याच्याही कामाचा नाही.

फाइल हलत नसेल तर त्रुटी लेखी मागा. माहिती अधिकारात नस्तीवरच्या टिपणीची प्रत मागितली की ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि टिपणीत कोण काय म्हणालं ते उघडं पडतं. राज्याच्या २००५ च्या दफ्तर दिरंगाईच्या कायद्यात एका कर्मचाऱ्याकडं फाइल सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त पडून राहू नये असं आहे; अर्जात ते कलम १० नुसतं लिहिलं तरी भाषा बदलते. देवगिरी एक्सप्रेसनं रात्रभर बसून जाणार असाल तर सोमवार टाळा, साहेब बैठकीत असतात. आणि दिलेल्या प्रत्येक कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.