सीटच निघालं, तरी गोल्ड!

काल रात्री झोप येईना म्हणून रिओ ऑलिंपिक 2016 ची ट्रॅक सायकलिंगची स्प्रिंट फायनल परत बघत बसलो, जर्मनीची क्रिस्टिना फोगेल विरुद्ध ब्रिटनची बेकी जेम्स. स्प्रिंट म्हणजे सुरुवातीला दोघी अक्षरशः रांगतात, एकमेकींवर डोळा ठेवून, कारण पुढे जाणारीला वारा कापावा लागतो आणि मागची आयती त्या आडोशाला, मग शेवटच्या दोनशे मीटरला जो काही जाळ निघतो तो बघावा! आणि फोगेलबाईंचं तर रेषेपाशी चक्क सीटच निघून आलं, तरी जिंकली.

खरं तर 2009 मध्येच रस्त्यावर सराव करताना तिला गाडीने उडवलं होतं, कोमात होती. त्यातून उठून 2012 ला लंडनमध्ये मिरियम वेल्टेबरोबर टीम स्प्रिंटचं गोल्ड, शिवाय एकूण 11 वर्ल्ड टायटल्स. काय बाई आहे!

मग जून 2018, जर्मनीतल्या कॉटबुसला प्रॅक्टिस चालू असताना ट्रॅकवर दुसऱ्या सायकलस्वाराला धडकली. या सायकलींना ब्रेक नसतात हो. छातीखालचं शरीर लुळं पडलं, वय फक्त 27. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्याच एरफुर्ट शहराच्या नगरपालिकेत निवडून आली, व्हीलचेअरवरून.

ती सीटवाली रेस मी तीनदा रिवाइंड केली.