रोलरच्या मागं मागं

मे महिन्यातली दुपार. तालुक्याच्या रेस्ट हाऊसवर एका साहेबाची सही पाहिजे होती आणि साहेब जेवायला गेलेले, म्हणजे चार वाजेपर्यंत निवांत. कंपाउंडात कडुनिंबाखाली एक वाफेचा जुना रोलर उभा आहे. कोणीतरी हौसेनं त्याला ऑइलपेंट दिलाय, चाकं चंदेरी, बॉयलर हिरवा, धुराडं लालभडक, आणि बाजूला ‘हात लावू नये’ अशी पाटी. फ्लायव्हीलवर चौकीदाराच्या घरचा टॉवेल वाळत होता. भट्टीचं दार उघडून बघितलं (हात लावलाच, हो) तर आत कोंबडी अंड्यांवर बसलेली. तिनं माझ्याकडे असं काही बघितलं की मी गुपचूप दार लोटून दिलं.

समोरचा पितळी घोडा मात्र कोणीतरी काढून नेलाय, भोकं तेवढी राहिली. ज्यांनी लहानपणी हे रोलर पाहिले त्यांना तो घोडा आठवत असेलच, मागच्या दोन पायांवर उभा. इंग्लंडातल्या केंट परगण्याचं ते चिन्ह, आणि ॲव्हलिंग अँड पोर्टर ही रोलरवाली कंपनी तिथलीच, रोचेस्टरची. रोलरवर घोडा हे तसं मजेशीरच, कारण त्या थॉमस ॲव्हलिंगची सगळी कटकट घोड्यांवरूनच सुरू झालेली. शेतीकामाचं वाफेचं इंजन एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायचं तर पुढं घोडे जुंपायचे, म्हणजे ताकद इंजनाची आणि ओढणार घोडे, हे त्याला बघवेना, म्हणून त्यानं इंजनालाच चालतं केलं. तरी त्याच्या सुरुवातीच्या इंजनांपुढं एक घोडा राहिलाच. ओढायला नाही, नुसतं वळवायला! आणि रोलरच्या अगदी सुरुवातीच्या डिझाइनांपैकी एक तर आपल्या कलकत्त्यासाठी झालं, तिथल्या म्युनिसिपालिटीचा इंजिनिअर क्लार्क आणि बर्मिंगहॅमचा बाथो, साल 1863.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, दारव्ह्याकडचं. फाट्यापासून गावापर्यंत गाडरस्ता होता, पावसाळ्यात बैलाचा पाय गुडघ्यापर्यंत जायचा. मी प्राथमिक शाळेत असताना ती सडक करायला घेतली आणि एका सकाळी रोलर आला, मागं पाण्याची टाकी जोडलेली, पुढं मेटचा, म्हणजे मुकादमाचा, पोरगा लाल फडकं घेऊन. बैलं बिथरू नयेत म्हणून. इंग्लंडात 1865 साली म्हणे कायदाच केला होता, इंजन सडकेवर काढायचं तर एक माणूस 60 यार्ड पुढं लाल निशाण घेऊन चालला पाहिजे, आणि स्पीड ताशी 4 मैल, वस्तीत 2. आमच्याकडे कायदा कोणाला माहीत, पण त्या पोराचा रुबाब इतका की मी त्याच्यावर अक्षरशः जळायचो.

मुक्काम देवळामागं पडला. पहाटे अंधारात खलाशी, म्हणजे मिस्त्रीचा मदतनीस, आग पेटवायचा, वाफ धरायला वेळ लागायचा, तोवर रोलर चालवणारा मिस्त्री दात घासत, चहा पीत, तेल देत फिरायचा, त्याला घाई अशी कधीच नसे. मग एकदाचं ते धूड हलायचं. स्टिअरिंगला साखळ्या, मिस्त्री चाक गरागरा फिरवायचा आणि रोलर जरा वेळ विचार करून मग वळायचा. थांबवायचा असला तर लिव्हर उलटा टाकायचा. गिट्टी पसरली की वरून रोलर, मग मुरूम, मग पाणी, परत रोलर, असं दिवसभर. गिट्टी सगळी हातानं फोडलेली. रेजा, म्हणजे मजूर बाया, सडकेच्या कडेला बसून हातोडीनं फोडत राहायच्या, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, लेकरू बाभळीला लुगड्याच्या झोळीत. रोलर बघायला अख्खं गाव जमायचं, त्या बाया मात्र मान वर करत नव्हत्या, गिट्टीच्या मापावर पैसे मिळायचे ना.

आमच्या आजीला त्या रोलरमध्ये एकच गोष्ट दिसली, ती म्हणजे गरम पाणी. वाकळा धुवायच्या होत्या. ती सरळ गुंड (आमच्याकडे पाण्याच्या भांड्याला गुंड म्हणतात) घेऊन मिस्त्रीपुढं उभी.

“मिस्त्रीभाऊ, दोन गुंड पाणी देजो ना, तुह्या इंजनात लय हाय.”

“आता नाही जमत, माय. पाणी कमी झालं तं आतली शिशाची डाट वितळते, वाफ सुटून आग विझते, मंग साहेब माहीच वाफ काढते. सांजच्याले या.”

आजीला शिशाच्या डाटेचं काही घेणं नव्हतं, पण संध्याकाळी ती बरोबर हजर. मग रोज संध्याकाळी बायांची रांग लागायला लागली, मिस्त्री आग काढल्यावर नळ सोडायचा, बदल्यात त्याला झुणका-भाकर, कधी कोणाच्या घरचं वडीभात. तेवढ्या दिवसांत गावातल्या यच्चयावत वाकळा धुऊन निघाल्या.

शकुंतलेवर, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या रेल्वेगाडीवर, सगळ्यांनी लिहून झालंय, तिचं 1921 चं मँचेस्टरचं इंजन, 1994 साली ते गेलं आणि डिझेल आलं, लोक हळहळले वगैरे. रोलरसाठी कोणी हळहळलेलं मला माहीत नाही. कारण बहुतेक हे असावं, की गाडी कुठंतरी नेते, शकुंतला मूर्तिजापूरला न्यायची, यवतमाळला न्यायची. रोलरला कुठं जायचंच नसतं. दिवसभर चालून तो संध्याकाळी सकाळच्याच झाडाखाली. आम्ही पोट्टे त्याच्या मागं मागं तसेच जायचो आणि यायचो, आणि कंटाळा आला असं आठवत नाही. आजही पुढं रोलर असला तर मी हॉर्न मारत नाही, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून आरामात मागं राहतो. माझ्या मागचे मारतात हॉर्न, माझ्या नावानं शिव्याही देत असतील. बायको म्हणते ओव्हरटेक करा हो, लग्न लागून जाईल तिकडे. लागू दे.

आता कोणी म्हणेल तेव्हाच्या सडका कशा पक्क्या. काही पक्क्या नव्हत्या. कपाशीची काळी जमीन, पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वर 10 टनाचा रोलर फिरवा नाहीतर आजचा व्हायब्रेटर, खालून ती आपलं काम करतेच. आमची सडक दोन पावसाळ्यांत बसली, मग कितीतरी वर्षं नुसता फुफाटा.

डांबर पडलं ते मी कॉलेजला असताना. डिझेलचा रोलर आला, पिवळा, एका खटक्यात सुरू होणारा. आजी तेव्हा बरीच वाकली होती, तरी गुंड घेऊन गेलीच. ड्रायव्हर नवीन पोरगा, त्याला समजेचना ही म्हातारी काय मागून राहिली ते. शेवटी रिकामा गुंड घेऊन ती परत आली, ओट्यावर टेकली, म्हणाली, “गरम पाणी नाही त्याच्याजवळ. काय कामाचा मंग?”